नाव काय ठेवलं?

बाळाचं नाव आईबाप ठेवतात, असं आपण म्हणतो खरं. पण जरा खोदून विचारलं की पत्रिका निघते, कुलदैवत निघतं, कुणी गेलेले आजोबा निघतात, आत्याचा हट्ट निघतो. तुमच्या घरी नाव कसं ठरलं? कुणाचं चाललं, कुणाचं नाही, आणि प्रत्यक्षात हाक कोणती मारता? अर्थासकट याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. गोष्टी लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही मूळ राजापूरचे. थोरल्या नातवाला गेलेल्या आजोबांचं नाव ठेवायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून नवऱ्याचं कागदोपत्री नाव विनायक. पण सासूबाई स्वतःच्या सासऱ्यांचं नाव तोंडाने घेणार कशा? आणि ते नाव घेऊन पोराला दटावायचं म्हणजे तर मामंजींनाच दटावल्यासारखं! मग झाला 'बापू'. शाळेत हजेरीला विनायक म्हटलं की बापू गप्प, त्याला ते आपलं नाव वाटतच नसे. आमच्या मुलाच्या वेळी सासरे हयात होते आणि हयात माणसाचं नाव आमच्यात ठेवत नाहीत, त्यामुळे आम्ही सुटलो. 'निषाद' ठेवलं. सासरे पेटी वाजवायचे, ते सातवा स्वर म्हणून खूश. चुलतसासरे मात्र "अरे, हा तर रामाला नावेतून नेणारा गुह!" म्हणून आजही चिडवतात.

—

एक आत्या, मिरज

आत्याच्या मानाबद्दल बोलायचं तर तो आता फक्त पाठीत धपाटे खाण्यापुरता उरलाय. भावाच्या मुलीचं नाव सहाव्या महिन्यातच ग्रुपवर मतदान घेऊन ठरलं होतं (मुलाचं एक, मुलीचं एक). मला थेट बारशाच्या दिवशी कळवलं. मी म्हटलं, असू दे. पाळणा सजवला, घुगऱ्या झाल्या, बाळाला कुंची घातली, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. मग कानात कुर्रर्र करायला वाकले आणि आधी माझ्या मनातलं नाव सांगून घेतलं, नंतर ठरलेलं मोठ्याने जाहीर केलं. पाठीवर इतके धपाटे बसत होते की कुणाला काही ऐकू आलं नाही. आता मी तिला त्याच नावाने हाक मारते. वहिनीला वाटतं मी लाडाने काहीतरी बोलते. ते नाव इथे लिहिणार नाही, वहिनीही इथे वाचत असते.

—

पुणे, सदाशिव पेठेतलं माहेर

आमच्याकडे पाच नावं. काशाच्या ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने लिहायची: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक, वगैरे. शेवटचं व्यवहारातलं. नक्षत्राच्या नावाचीच गंमत झाली. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं ठरलेली. अश्विनीला चू, चे, चो, ला. लेकाने नेमका आर्द्राचा तिसरा चरण गाठला. तिथलं अक्षर 'ङ'. ङ वरून नाव सांगा पाहू! गुरुजींनी शांतपणे "ग घ्या" म्हटलं आणि दक्षिणा उचलली. म्हणजे तडजोड शास्त्रातही बसते, फक्त ती गुरुजींनी करायची.

—

कराड

माझ्या पणजोबांचं नाव धोंडू, त्यांच्या भावाचं कोंडाजी. आधीची मुलं जगली नव्हती. मग झालेलं मूल जन्मल्याबरोबर दुसरीच्या ओटीत घालायचं आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं, तो कोंडाजी. केरू, दगडू, उकिर्डा ही सगळी याच जातीतली नावं. पोर टाकाऊ आहे असं भासवायचं, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर जायची नाही. ऐकायला ओबडधोबड, पण आत धास्तावलेली माया आहे.

'नकोशी'चं तसं नाही. काही जण ती नावं एकाच रांगेत बसवतात, ते मला पटत नाही. धोंडू म्हणणाऱ्या आईला मूल हवं असतं. नकुशा म्हणताना देवाला बजावलेलं असतं, आता पुढची मुलगी नको. माझी मामेबहीण चौथी, म्हणून नकुशा. 2011 साली सातारा जिल्हा परिषदेने पुढाकार घेऊन अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं एका समारंभात बदलली. पेपरात फोटो आले. ही तेव्हा लग्न होऊन दोन पोरांची आई झालेली, त्यामुळे यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तो पेपर तिने जपून ठेवला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुढे बचत गटाचं खातं उघडायचं निमित्त झालं आणि तिने राजपत्रात नाव बदलून घेतलं. राजश्री. प्रतिज्ञापत्र, फी, सगळं स्वतः केलं. नवऱ्याने विचारलं, आता या वयात कशाला? म्हणाली, गटाची अध्यक्ष मी, सही करायची मी. मामी अजून 'नकू' म्हणते. ती ओ देते, पण मामीच्या घराबाहेर कुणी तसं म्हटलेलं तिला खपत नाही.

—

नागपूर, इंदोरा

कराडकरांचं वाचून राहवलं नाही. माझे आजोबा कचरू. त्यांच्या आईने मायेने ठेवलं की गावाने चिकटवलं, हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर ते होते. त्यानंतर झालेल्या लेकरांची नावं बघा: मिलिंद, संघमित्रा, महेंद्र. अशोकाची मुलं धम्म घेऊन श्रीलंकेला गेली ती महेंद्र आणि संघमित्रा. आणि मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी त्याचंच नाव दिलं, परिसराचं नाव नागसेनवन. वडील त्याच कॉलेजात शिकले, तेव्हा मिलिंदमध्ये मिलिंद अशी त्यांची थट्टा व्हायची.

आमच्या गल्लीत लहानपणी "राहुल" हाक मारली की चार दारांतून पोरं यायची. सुजाता, प्रज्ञा, गौतम, सिद्धार्थ, सगळी दोन-दोन, तीन-तीन. बाहेरचे लोक म्हणत, तुमच्यात तीच तीच नावं. आजोबांचं उत्तर ठरलेलं: "आधी आमच्या घरात चार कचरू होते, तेव्हा कोणी मोजले नाही."

माझ्या मुलीचं नाव बायकोने ठेवलं, मैत्री. पत्रिका आमच्याकडे बघतच नाहीत, त्यामुळे ङ चा त्रास नाही 🙂

—

जव्हारजवळची एक शिक्षिका

इथे वारली पाड्यांवर जुन्या पिढीत वारावरून नावं सापडतात. सोम्या, मंगळ्या, बुध्या, मुलगी असेल तर बुधी. जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे, पण वार नावातच राहायचा. शाळेत घालताना काही गुरुजींनी बुध्याचा परस्पर 'बुधाजी' केला आणि तसाच दाखल्यावर गेला. आताच्या माझ्या वर्गात आर्यन दोन, साहिल तीन.

—

लोद, इस्रायल

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळ रायगडचे. जुन्या पिढ्यांत बायबलातल्या नावांना मराठी वळण दिलेलं असायचं. शमुएलचा सामाजी, एलियाचा एलोजी. आडनावं तर गावांचीच, पेणकर, रोहेकर. मुलाची आठव्या दिवशी सुंता होते तेव्हाच नाव जाहीर होतं. नातवाचं नाव अगदी हिब्रू, इथल्या वर्गात सहज खपणारं. पण एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) मलिद्याला, म्हणजे आमच्या प्रसादाच्या विधीला, सगळे जमले की माझी थोरली बहीण त्याला 'बाळू' म्हणते आणि तो धावत जातो.

—

दादरचा धाकटा भाऊ

आमच्या थोरल्याचं नाव रोहन. गावसकरने मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं होतं, कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ तिघांवरून. बाबांनाही तिन्ही हवे होते, आजीने एकावर थांबवलं. माझ्या वेळेपर्यंत बाबांचा क्रिकेटमधला रस गेला होता. मी राजेश.

—

स्टुटगार्ट

जर्मनीत जन्माची नोंद आठवड्याभरात द्यावी लागते, आणि नाव तपासायला समोर अधिकारी. आजीचं नाव ठेवायचं आमचं पक्कं होतं, सुमन. आपल्याकडे सुमन म्हटलं की नऊवारीतली किंवा गोल साडीतली बाईच डोळ्यांसमोर येते. अधिकाऱ्याने संगणकात शोधलं तर उत्तर भारतातले, बंगालमधले मिशीवाले सुमन निघाले. "हे पुरुषाचं नाव आहे, जोडीला एक स्त्रीलिंगी नाव द्या."

शेजारच्या मल्याळी वकीलबाईंनी वाचवलं. 2008 मध्ये इथल्या घटना न्यायालयात असाच खटला झाला होता. मूळ भारतीय कुटुंबाने मुलीचं नाव 'किरण' ठेवलं, त्यावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून कार्यालयाने अडवलं. न्यायालयाने निकाल दिला की नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. तो निकाल छापून नेला. अधिकाऱ्याने पूर्ण वाचला, चष्मा पुसला, शिक्का मारला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "सासूबाईंच्या नावासाठी मी कधी कोर्टात गेले नसते."

—

निवृत्त संस्कृत शिक्षिका, सांगली

अर्थांच्या याद्या नकोत म्हटलंत ते फार बरं केलंत. तरी एक सांगतेच. 'आरव' म्हणजे शांत असं सर्रास छापलेलं असतं. आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. माझ्या ओळखीतले सगळे आरव मूळ अर्थाला जागलेले आहेत. आणि 'रेयांश'मधला 'रेय' कुठून आला हे विचारलं की आईबापांचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली "छान आहे हो" म्हणते आणि बुंदीचा लाडू उचलते.

—

नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर

सगळे भावनिक लिहितायत, मी कामाचं लिहितो. नाव ठरलं नाही म्हणून नोंदणी अडवून ठेवू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात फुकट, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आमच्याकडे दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावत येणारे आहेत, दाखल्यावर नावाची जागा कोरी. एकदा नाव चढलं की मग "मामाला आवडलं नाही" म्हणून बदलून मिळत नाही.

2024 पासून राज्य सरकारने बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरवलाय. त्यावरून खिडकीवर आजोबांची नाराजी आम्ही ऐकून घेतो, पण क्रम तोच राहतो.

आणि स्पेलिंग घरून ठरवून या. खिडकीत उभं राहून नवरा-बायकोचं "एक ए की दोन ए" सुरू झालं की मागची रांग माझ्यावर ओरडते.