अंद्रेटा (हिमाचल): तीन दिवसांत कप करून आणता येईल का?

पेठेतला_भटक्या
ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तीन दिवस पालमपूरला आहोत. अंद्रेट्याच्या पॉटरीत चाकावर एकेक कप करून सोबत आणायचा विचार आहे. जमेल का? पुण्याहून जायचं कसं? आणि तिथून विकत घेतलेला मग चहाला चालतो का?

मातीगोळा
कप होईल, सोबत येणार नाही. चाकावरून उतरलेला कप दुसऱ्या दिवशी चामड्याइतका घट्ट होतो, तेव्हा बूड तासायचं आणि कान जोडायचा. मग सावलीत निदान आठवडाभर वाळवण. गालाला लावून गार लागला तर आत अजून पाणी आहे. तसाच भट्टीत गेला तर वाफ होऊन फुटतो आणि शेजारची भांडीही घेऊन जातो. त्यानंतर पहिली भाजणी, झिलई (काचेसारखा चकचकीत थर), दुसरी भाजणी. शिवाय भट्टी पूर्ण भरल्याशिवाय कुणी पेटवत नाही. भाजून कुरिअर करतील का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. कच्चा कप गाडीतून आणायच्या फंदात पडू नका, कान पहिल्या खड्ड्याला जातो.

महिना मात्र चांगला निवडलात. पावसाळ्यात तिकडे भांडी वाळता वाळत नाहीत.

चाकधारी
दोघांना मिळून एक सकाळ ठेवा. कपाला अर्धा किलो माती पुरे. गोळा मध्यावर आणण्यातच नवख्याचा बहुतेक वेळ जातो, आणि तो डुगडुगत असताना भिंत उचलली की काठ एका बाजूला जाड होतो. पाणी बेताचं घ्या. बूड बोटांनी नीट दाबलं नाही तर वाळताना मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखा तडा जातो.

आकार मोठाच धरा. वाळून-भाजून माती लांबी, रुंदी, उंची अशी तिन्हीकडून साधारण दहा टक्के आक्रसते, म्हणजे २५० मिलीचा कप १८० वर येतो. नखं कापून जा, अंगठ्या हॉटेलवर ठेवा.

घाटवाट
झेलम एक्सप्रेसने पठाणकोट कॅन्टोन्मेंट, पुढे रस्त्याने पालमपूर सुमारे ११० किमी. चार तास धरा. पंचरुखी हे कांगडा नॅरोगेजचं (अरुंद रुळांच्या गाडीचं) अंद्रेट्याला जवळचं स्टेशन, पण ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा रेल्वेपूल पडला होता, तेव्हा चौकशी केल्याशिवाय त्या गाडीवर बेत बांधू नका.

तासाभराचा फेरफटका मारून परतू नका. नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स यांचं मातीचं घर आणि सोभा सिंग यांचं चित्रदालन याच गावात आहे. पॉटरी १९८३ ची, दिल्ली ब्लू पॉटरीवाल्या गुरचरण सिंग यांच्या मुलाने आणि सुनेने उभी केलेली. कामाच्या खोलीत फळीवरच्या कच्च्या भांड्यांना हात लावू नका. काठाला धरून उचललं की संपलं.

पेठेतला_भटक्या
धन्यवाद. मग कपाचा हट्ट सोडला. चहाचं राहिलं?

मातीगोळा
चालतो. पण हे लाल मातीचं, कमी तापमानाचं काम आहे: वर पातळ मातीच्या लेपाची नक्षी आणि झिलई, आत माती सच्छिद्रच. घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर त्यात पेनं ठेवा. मायक्रोवेव्ह नको, मातीत मुरलेलं पाणी तापून कानच हाताला चटका देतो.

आणताना एकात एक घालू नका. प्रत्येक मग वेगळा गुंडाळा, आत मोजे कोंबा आणि बॅग सीटखाली ठेवा.