फुली सापडेपर्यंत
"इंटरनेटवरच्या जाहिराती कुणी बघत नाही, मग त्यात पैसे कोण ओततं?" असं बरेच जण विचारतात. निफाडला माझे वडील रोज मोबाईलवर लासलगावचा कांद्याचा भाव बघतात. नेमका आकडा दिसायला लागला की त्यावर लोनची जाहिरात येऊन बसते. ती बंद करायची फुली तिळाएवढी, खुरपं धरून राठ झालेल्या अंगठ्याला ती काय सापडणार? दाबायला जातात नि जाहिरातच उघडते. आणि हा चुकून लागलेला अंगठाही बऱ्याचदा क्लिक म्हणून मोजला जातो, साइटवाल्याला पैसे मिळतात. मग तो फुली कशाला मोठी करेल? पॉप-अपचा, म्हणजे आपोआप समोर उघडणाऱ्या जाहिरातीचा, कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली होती. वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "माफी राहू दे, उन्हाळ कांदा काय निघाला ते बघ."