दहशतवाद्यापुढे दुसरा गाल: टॉम फॉक्सचं काय करायचं?

बावखलकाठी:
उपवासकाळ चालू आहे, त्यामुळे परवा चर्चबाहेर कट्ट्यावर विषय निघाला: येशूचं डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करा ही शिकवण, बॉम्बवाल्यांपुढे चालते का? मी टॉम फॉक्सचं नाव काढलं. कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

फॉक्स अमेरिकन क्वेकर, म्हणजे युद्ध नाकारणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. वीस वर्षं अमेरिकी मरीन दलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला, म्हणजे फौजेचं मीठ खाल्लेला माणूस. 'ख्रिश्चन पीसमेकर टीम्स' या शांतिसंस्थेतर्फे तो बगदादला गेला. अमेरिकी सैन्याने उचलून नेलेल्यांच्या घरच्यांशी बोलायचं, जबान्या लिहून घ्यायच्या, हे त्यांचं काम. अबू घरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो बाहेर येण्याआधीपासून ही मंडळी छळाच्या तक्रारी गोळा करत होती. २६ नोव्हेंबर २००५ ला फॉक्स, ७४ वर्षांचे ब्रिटिश नॉर्मन केंबर, आणि जेम्स लोनी व हरमीत सिंग सूदन हे दोन कॅनेडियन पळवले गेले. मार्चमध्ये फॉक्सचं प्रेत सापडलं. आम्हाला पळवलं तर सोडवायला बळ वापरू नका, असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

याला भेकडपणा म्हणणाऱ्यांनी आधी बगदादचं तिकीट काढून दाखवावं.

खवट:
पुढचं का गाळलंत? २३ मार्च २००६ ला उरलेल्या तिघांना कुणी सोडवलं? ब्रिटिश कमांडोंनी. प्रवचन तुमचं, जीव धोक्यात शिपायाचा! आणि आभारसुद्धा इतके तोंडातल्या तोंडात, की लष्करप्रमुख जनरल जॅक्सन यांना वाईट वाटल्याचं जाहीर सांगावं लागलं.

बावखलकाठी:
गोळी एकही सुटली नाही, पहारेकरी आधीच पसार झाले होते. आणि केंबर यांनी लंडनला उतरल्यावर सैनिकांच्या धैर्याला मान देऊन आभार मानले. शस्त्रांनी टिकाऊ शांती येत नाही हेही त्याच दमात सांगितलं, ते बहुतेक झोंबलं असावं.

खवट:
गोळी सुटली नाही कारण बंदुका होत्या. रिकाम्या हाताने गेले असते तर पहारेकरी पळाले असते का?

निवृत्त सुभेदार:
मी काश्मिरात होतो. आभारांचं मला काही नाही, आम्ही आभारासाठी जात नाही. आणि जो स्वतः पुढे जातो त्याला मी भित्रा म्हणणार नाही. माझी अडचण निराळी. त्याच वर्षी डिसेंबरात तिघांनी लंडनमध्ये सांगितलं, आम्ही क्षमा केली, पळवणाऱ्यांना फाशी नको. स्वतःपुरती क्षमा ठीक. पण फॉक्सच्या वतीने क्षमा करणारे हे कोण? आणि ती टोळी उद्या दुसऱ्या कुणाला पळवेल, त्याचं काय?

माडाची सावली:
सुभेदार, नेमकं बोललात. मी स्वतः ख्रिस्ती, तरी बायबलमधल्या, पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय विसरू शकत नाही: सत्ताधीश उगाच तलवार बाळगत नाही. येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, तलवार म्यान करायला लावली हे खरं, पण पेत्र काही पोलीस नव्हता.

एक मात्र सांगते. यांच्या सुटकेसाठी पॅलेस्टिनी मुसलमानांनी आवाहनं केली, कारण याच संस्थेची माणसं हेब्रॉन या पॅलेस्टिनी शहरात त्यांच्या शेजारी राहत आली होती. ही कमाई बंदुकीने होत नाही.

खवट:
आणि तरी फॉक्स मेलाच.

बावखलकाठी:
मेला. या संस्थेमागे १९८४ चं, रॉन सायडर या ख्रिस्ती विचारवंताचं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं भाषण आहे. मेनोनाइट या युद्ध नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की सैनिक मरायला तयार असतात तितके तुम्ही नसाल तर शांतीच्या गप्पा मारू नका. फॉक्सने ते मनावर घेतलं. सुभेदारांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. फाशीला माझा विरोध कायम आहे, पण टोळी मोकळी सुटावी असं मलाही वाटत नाही.

निवृत्त सुभेदार:
मग तुरुंगाच्या दाराशी उभा राहणाऱ्याच्या हातात काय द्यायचं, तेवढं सांगा.