‘सर्फबोर्ड’मधला ‘सर्फ’ आपल्या किनाऱ्यावरचा आहे का?

दर्यावर्दी: इंग्रजीत ‘सर्फ’, म्हणजे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचे फेसाळ पाणी, हा शब्द १६८० च्या दशकापासून आढळतो आणि त्याच्या सुरुवातीच्या नोंदी भारताच्या किनाऱ्यासंबंधी आहेत. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. त्यामुळे जहाजे दूर नांगरून, काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून, फुटत्या लाटा ओलांडून माणसे आणि माल काठावर आणावा लागे. ज्या पाण्याशी रोज झुंजायचे, त्याचे नाव इंग्रजांनी तिथल्या नावाड्यांकडूनच उचलले असावे, असे माझे मत आहे. तसे असेल तर सर्फबोर्ड (लाटेवरून घसरण्याची फळी) हा शब्द अर्धा भारतीय ठरतो.

शब्दकोशी: हे अनुमान मला मान्य नाही. शब्दाची गरज भारतात पडली, एवढेच त्या नोंदी सांगतात. तो भारतीय भाषेतून आला हे त्यावरून सिद्ध होत नाही. तमिळ किंवा तेलुगूतला मूळ शब्द दाखवा, मग बोलू. शिवाय त्या नोंदींच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजीत ‘सफ’ असे रूप मिळते आणि त्याचा संबंध पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या घोंघावण्याला असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दाशीही जोडला जातो. (आपल्याकडे सर्फ म्हटले की आधी कपड्यांची पावडर आठवते, फेस मात्र दोन्हीकडे आहे.)

लाटफळी: आपण दोघेही ‘सर्फ’पाशीच अडकला आहात. ज्या वस्तूबद्दल बोलतो आहोत ती हवाई बेटांची आहे आणि तिला तिथे स्वतःचे नाव आहे: पापा हेए नालू. पापा म्हणजे फळी, हेए म्हणजे घसरणे, नालू म्हणजे लाट. इंग्रज जलप्रवासी कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगने १७७९ मध्ये या फळ्यांचे वर्णन लिहिले, तर ‘सर्फबोर्ड’ हा शब्द छापील इंग्रजीत १८२६ च्या सुमारास दिसतो. इंग्रजांनी फळी ठेवली, पाणी ठेवले आणि घसरणे, जो त्या खेळाचा प्राण, तेच गाळले. शिवाय ‘सर्फ’ म्हणजे किनाऱ्याशी फुटून फेसाळलेले पाणी, आणि कसलेला खेळाडू तर लाट पुरती फुटण्याआधी तिच्या उतारावरून घसरत असतो.

दर्यावर्दी: मूळ शब्द माझ्यापाशी नाही, म्हणून ‘भारतीय’ हा दावा मागे घेतो. परंतु इंग्रजांना त्या पाण्यासाठी वेगळे नाव का लागले, याचे उत्तर मसुला होडीत बसून ज्यांनी मद्रासचा किनारा गाठला त्यांच्या लिखाणातच शोधावे लागेल, हे माझे म्हणणे कायम आहे.