मदत हवी आहे: बेडूक 5 दिवस काही खात नाहीये, लवकर सांगा

रामबागची_मावशी:
भाचा पंधरा दिवसांसाठी बाहेर गेलाय आणि त्याचा बेडूक माझ्या गळ्यात मारून गेलाय. आज पाचवा दिवस, तोंडात काही घेत नाही. पोळीचा तुकडा, भात, पनीर, उकडलेलं अंडं, सगळं करून झालं. काल तर बारीक शेवसुद्धा टाकली. नुसता बसून असतो. बेडूक खातो काय, एवढंच सांगा. भाच्याला विचारा म्हणू नका, तो हिमाचलात कुठल्याशा कॅम्पला आहे, फोन लागत नाही.

मी_माळवी:
शेव! ताई, इंदूरचा झाला म्हणून काय झालं. आता पोहे आणि जिरावन मसाला तेवढा राहिला.

चष्मिस:
कुठला बेडूक? केवढा? रंग कोणता? कशात ठेवलाय? फोटो टाका.

रामबागची_मावशी:
बेडूक म्हणजे बेडूक हो. मुठीत मावेल एवढा. फोटो चढत नाहीये. खायचं सांगा ना कुणीतरी.

रातकिडा:
बेडकाला हलणारं भक्ष्यच कळतं. पुढ्यात पनीरचा डोंगर रचा, त्याच्या लेखी तो दगड. एक झुरळ चिमट्यात धरून समोर हलवा, जीभ कधी बाहेर आली ते कळणारही नाही. आमच्या न्हाणीघरात आलेला झाडबेडूक मी पूर्ण पावसाळा असाच पोसला.

ओसरी:
झुरळ अजिबात देऊ नका! घरोघरी फवारणी नाहीतर ते झुरळं मारायचं जेल असतं. विष खाल्लेलं झुरळ बेडकाच्या पोटात गेलं की संपलं.

रातकिडा:
ओट्याखालचं द्या असं कुठे म्हणालो? बागेतले टोळ, नाकतोडे द्या. नीट वाचत चला.

ओसरी:
'एक झुरळ चिमट्यात धरून' हे तुमचेच शब्द आहेत. वर जाऊन बघा.

जंगलवाट:
मुळात पाळायचाच कशाला? आपल्याकडचे काही बेडूक 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतात. तंगड्यांची निर्यात होती ती पण 1987 ला बंद झाली, कारण शेतातली कीड खाणारं कुणी उरेना. सिरपूर तलावावर नेऊन सोडा आणि मोकळ्या व्हा.

मी_माळवी:
अवांतर: मृग कोरडा गेलाय, त्यापेक्षा त्याचं लग्न लावून द्या. 2019 ला भोपाळमध्ये लावलं होतं. मग पाऊस थांबेना म्हणून सप्टेंबरात घटस्फोटही करून दिला.

ओसरी:
ते मातीचे होते.

मी_माळवी:
घटस्फोट तर झाला ना!

चष्मिस:
मावशी, रंग??

रामबागची_मावशी:
पांढरट गुलाबी. डोळे लाल. भाच्याने शोभेच्या माशांच्या दुकानातून आणला होता. आणि परातीत ठेवलाय. आधी काचेच्या टाकीत होता, पाणी जवळजवळ काठापर्यंत. मला वाटलं बुडेल बिचारा. म्हणून दोन बोटं पाणी आणि मध्ये वरवंटा दिलाय बसायला.

चष्मिस:
हे पहिल्या ओळीत सांगायचं हो!! हा आपल्या डबक्यातला नव्हे, आफ्रिकेतला नखवाला बेडूक. मागच्या पायाची तीन बोटं बघा, नखं दिसतील. हा जन्मभर पाण्यातच राहतो, श्वासापुरता वर येतो. आधी टाकीत ठेवा, निदान वीतभर पाणी हवं. वर जड जाळी, उडी मारतो.
नळाचं पाणी थेट ओतू नका. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बेडूक पाणी कातडीतून घेतो. उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, नाहीतर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात. टाकी कूलरच्या खोलीत हलवा, याला 24 अंशांच्या आतलं पाणी मानवतं. आपल्या उन्हाळ्यात भूक मेली असेल तर नवल नाही.

पाणपोई:
आरओचं पाणी घाला, सगळ्यात शुद्ध.

चष्मिस:
नका घालू. त्यातले क्षार गेलेले असतात, बेडकाला ते लागतात.

रातकिडा:
म्हणजे रातकिडे चालतील ना? हलणारं...

चष्मिस:
तुमचं म्हणणं बाकीच्या बेडकांना लागू आहे. याला जीभच नसते. वासावरून शोधतो आणि पुढच्या पायांनी तोंडात कोंबतो, मेलेलं अन्नही खातो. गांडूळ द्या, नाहीतर खाद्याचे पाण्यात बुडणारे दाणे. दोन-तीन दिवसांआड पुरे. मोठा असेल तर 5 दिवसांच्या उपासाने काही बिघडत नाही, पण पाण्यात सडलेल्या पोळीने बिघडतं. ती काढा.
आणि जंगलवाट, याला सिरपूरला सोडायचं नाव काढू नका. तो तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हे बेडूक स्वतः धडधाकट राहून कातडीच्या बुरशीचा रोग पसरवतात, मग आपले बेडूक मरतात.

जंगलवाट:
आफ्रिकेतला आहे हे कुणाला माहीत होतं? शब्द मागे.

निवृत्त_लॅबवाला:
होळकर कॉलेजात आम्ही देशी बेडूक फाडले, हे पाहुणे नंतरचे. पण यांची गंमत ऐका. 1930 च्या दशकापासून गरोदरपणाची तपासणी यांच्यावर व्हायची. बाईची लघवी मादीला टोचायची, तिने दिवसभरात अंडी घातली की पेढे वाटा. आमच्या वेळी

ओसरी:
काका, मावशींचा बेडूक उपाशी आहे.

रामबागची_मावशी:
टाकीत ठेवलाय, पाणी कालच बादलीत भरून ठेवलेलं होतं म्हणून बरं. एक विचारायचं होतं. भाच्याने फ्रीजरमध्ये लाल बर्फाच्या वड्यांचं पाकीट ठेवलं होतं. मला वाटलं मटणाचं काहीतरी, आमच्याकडे चालत नाही. पहिल्याच दिवशी फेकलं.

चष्मिस:
मावशी, ते त्याचं 15 दिवसांचं जेवण होतं. लाल अळ्या असतात त्या.

रामबागची_मावशी:
अरे देवा. ओरडून गेला होता खरा जिन्यातून, 'मावशी, फ्रीजर!' मला वाटलं दार नीट लाव म्हणतोय.

रामबागची_मावशी:
(संध्याकाळी) खाल्लं! तुळशीच्या कुंडीत गांडूळ निघालं. माझ्याने हात लावला गेला नाही, शेजारच्या काकांनी टाकलं. दोन्ही हातांनी तोंडात कोंबलं त्याने. भाच्याला यातलं काही सांगायचं नाहीये.

पाणपोई:
कुंडीत गांडुळं कशी झाली? माझी तुळस दर उन्हाळ्यात जळते. खत कोणतं घालता?