मोठ्या टेक कंपनीच्या मुलाखतीच्या तयारीसाठी मदत हवी आहे

सर्वांना सविनय नमस्कार. मी मूळचा औसा तालुक्यातला असून सध्या पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत ६ वर्षांपासून जावामध्ये बॅकएंडचे (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामचे) काम करतो. गेल्या महिन्यात एका मोठ्या टेक कंपनीच्या पहिल्याच कोडिंग फेरीत मी बाद झालो. ४५ मिनिटांच्या त्या फेरीत कोड चालवून पाहण्याची सोय नव्हती आणि प्रश्न असा होता की, दिलेल्या स्ट्रिंगमधला (अक्षरांच्या ओळीतला), एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब सलग तुकडा शोधायचा. प्रत्येक तुकडा तपासत बसण्यापेक्षा तुकड्याची सुरुवात आणि शेवट दाखवणारे दोन पॉइंटर पुढे सरकवत नेले की स्ट्रिंग एकदाच वाचून उत्तर मिळते, हे मला पाठ होते. तरीही पहिली पंधरा मिनिटे मी वहीवर मुकाट्याने अक्षरे मांडत राहिलो आणि समोरच्या बाईंनी दोनदा विचारूनही मला मनातला विचार इंग्रजीत बोलून दाखवता आला नाही. आम्ही लातूर पॅटर्नमध्ये घडलेली मुले. सराव भरपूर केला, पण तो सगळा कागदावर, तोंड मिटून. अशा मुलाखतीत मात्र उत्तराइतकेच ते कसे सुचले हेही पाहतात.

ज्यांनी अशी मुलाखत दिली वा घेतली आहे, त्यांच्यापैकी कोणी रविवारी तासभर ऑनलाइन सराव मुलाखत घेऊ शकेल काय? तसेच, ज्याने दिवसाला काही हजार रिक्वेस्टपलीकडचा भार कधी हाताळलेला नाही, त्याने कोट्यवधी वापरकर्त्यांच्या सिस्टिम डिझाइनची तयारी कॅशिंगपासून (वारंवार लागणारा डेटा पटकन मिळेल असा जवळ साठवणे) करावी की डेटाबेसच्या शार्डिंगपासून (डेटा अनेक सर्व्हरवर विभागून ठेवणे), हेही कृपया सांगावे.