तांब्याच्या लेझर-प्लाझ्मात ३२४.७५ नॅनोमीटरच्या रेषेच्या मध्यभागी खळगा का पडतो?

वर्णपटवेडा:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी शुद्ध तांब्याच्या पट्टीवर एनडी-याग लेझरचे (१०६४ नॅनोमीटर) स्पंद सोडून हवेत तयार होणाऱ्या प्लाझ्माचा वर्णपट घेत आहे. ५१०.५५, ५१५.३२ आणि ५२१.८२ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषा सुबक येतात, मात्र ३२४.७५ आणि ३२७.४० या अतिनील रेषांचे टोक मधोमध खचलेले दिसते, आणि तो खळगा अगदी मध्यावर नसून किंचित एका बाजूला आहे. बोल्ट्झमन आलेखात (रेषांच्या तीव्रता त्यांच्या वरच्या पातळीच्या ऊर्जेसमोर मांडून उतारावरून तापमान काढतात, त्यात) या दोन रेषा धरल्या की तापमान बरेच जास्त निघते आणि वगळल्या की खाली येते. हा दोष डिटेक्टरचा आहे की प्लाझ्माचा? यांपैकी कोणते तापमान खरे मानावे?

प्रकाशरेषा:
डिटेक्टर संपृक्त झाला असता तर टोक सपाट कापल्यासारखे दिसले असते, खळगा पडला नसता. तुम्हाला दिसते आहे ते स्वशोषण, आणि तेही इतके तीव्र की रेषा स्वतःच उलटली आहे. ३२४.७५ आणि ३२७.४० या तांब्याच्या अनुनाद रेषा आहेत, म्हणजे त्यांची खालची पातळी अणूची मूळ अवस्थाच असते. प्लाझ्माचा गाभा तप्त असतो, पण त्याच्या भोवतीच्या थंड कवचात मूळ अवस्थेतले तांब्याचे अणू भरपूर असतात. गाभ्यातून निघालेला प्रकाश बाहेर पडताना नेमक्या त्याच तरंगलांबीला हे कवच तो गिळते. गाभ्यात इलेक्ट्रॉनांची घनता जास्त असल्यामुळे स्टार्क परिणामाने (भोवतीच्या विद्युतभारित कणांच्या विद्युत क्षेत्रामुळे) तिथली रेषा रुंद होते आणि जराशी सरकतेही. कवचातील अणू मात्र जवळजवळ न सरकलेल्या जागी आणि अरुंद पट्ट्यात शोषण करतात. खळगा मध्यावरून ढळलेला दिसतो तो यामुळेच.

पडताळा सोपा आहे. प्लाझ्मा प्रकाशाला पारदर्शक असेल तर या दोन रेषांच्या तीव्रतांचे गुणोत्तर सुमारे २:१ यायला हवे. शोषण वाढत जाते तसे ते १ कडे घसरते. दुसरी चाचणी म्हणून प्लाझ्माच्या मागे अंतर्गोल आरसा ठेवा: आरशातील परावर्तनाचे नुकसान वजा जाता तीव्रता दुप्पट झाली तर रेषा निर्दोष समजावी, नाही झाली तर शोषण आहे.

जुना_प्रयोगशाळाकर:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण तापमानाचा प्रश्न त्यात राहून गेला. ३२४.७५ आणि ५१०.५५ या दोन्ही रेषा एकाच वरच्या पातळीतून, ३.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून निघतात, आणि ३२७.४० ची वरची पातळीही त्याच्या जवळच, ३.७९ वर आहे, ५१५.३२ आणि ५२१.८२ यांची वरची पातळी मात्र ६.१९ वर असते. आलेखातील कमी ऊर्जेचे बिंदू शोषणामुळे खाली ओढले गेले की रेषेचा उतार मंदावतो आणि तापमान फुगते. तुमच्याकडे नेमके हेच घडते आहे. म्हणून अतिनील जोडी सरळ वगळा, पण ५१०.५५ वरही डोळे झाकून विसंबू नका, कारण तिची खालची पातळी १.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील दीर्घायुषी अवस्था आहे आणि शुद्ध धातूच्या दाट वाफेत तिथेही बरेच अणू साचतात. स्पंदानंतरची वेळ बदलून आणि हवेचा दाब कमी करून तापमान किती सरकते ते पाहा; शोषण असेल तर ते लगेच उघडे पडेल.

आयसीसीडीचा, म्हणजे ठरावीक क्षणीच उघडणाऱ्या कॅमेऱ्याचा, विलंबही तपासावा. पहिल्या काही शेकडा नॅनोसेकंदांत अखंड पार्श्वभूमीच (सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला प्रकाश) जोरदार असते. त्यात मोजलेल्या तीव्रतांना फारसा अर्थ नसतो.

प्रकाशरेषा:
एक भर घालते. समतोल (अणूंच्या सगळ्या पातळ्यांना एकच तापमान लागू असणे) गृहीत धरण्याआधी मॅक्‌व्हर्टरचा निकष लावा: १०,००० केल्विनला आणि ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अंतरासाठी इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटिमीटरला किमान १० च्या १६ व्या घाताच्या आसपास हवी. निकष आवश्यक आहे, पुरेसा नव्हे. घनता काढण्यासाठी तांब्याच्या रेषांऐवजी हायड्रोजनची ६५६.२८ नॅनोमीटरची रेषा घ्या. हवेतील आर्द्रतेमुळे ती अनेकदा आपसूकच मिळते, स्टार्क परिणामाने ती ठळकपणे रुंदावते आणि या परिस्थितीत तिच्यात स्वशोषण सहसा नगण्य असते.

आणि ३२४.७५ ला कायमचे बाद करू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत तांबे अत्यल्प असते तेव्हा ते शोधायला तिच्याइतकी संवेदनशील रेषा क्वचितच सापडते. तिथे कवचात तांब्याचे अणूच फार नसल्याने खळगाही पडत नाही.